वन्यजीवांसाठी केलेली घरबाग पाहायला जाताना आधी कुरतडलेली पानं शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या, बेडूक यांनी यावं म्हणून काही जणांनी घराभोवती मुद्दाम बागा केल्या आहेत. त्यातल्या दोन-तीन बागा पाहायला जायचं आहे. कधी जावं, काय पाहावं, मालकांना काय विचारावं, मुलांना न्यावं का, आणि त्यातलं आपल्या घरी काय जमेल हे कसं ओळखावं? अशा बागा उभ्या करणं आणि लोकांना त्या दाखवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बागेत शिरल्यावर बहुतेकांचे पाय फुलांकडे वळतात. ते साहजिक आहे, पण बाग खरोखर कुणाचा तरी आधार झाली आहे का, हे फुलांवरून कळत नाही. फुलपाखरू कुठूनही उडत येतं, मकरंद पितं आणि निघून जातं. ते इथेच जन्माला येतं का, याचं उत्तर पानांवर असतं. म्हणून काय लावलं आहे यापेक्षा काय वापरलं जातं आहे ते पाहा. कुरतडलेली पानं, फांदीखाली पडलेली विष्ठा, जमिनीतली बारीक भोकं, वाळक्या काड्यांची मातीनं लिंपलेली तोंडं, पाण्याच्या काठावरच्या चिखलात उमटलेली पावलं. एवढं दिसायला लागलं की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

पानं वाचणं अवघड नाही. पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखा स्वच्छ अर्धगोल दिसला तर ते लीफकटर मधमाशीचं काम. ती तो तुकडा खात नाही, घरट्याला अस्तर लावायला नेते. कड वेडीवाकडी खाल्लेली असेल आणि खालच्या पानावर काळपट-हिरवे दाणे पडलेले असतील, तर वर कुठेतरी अळी बसलेली आहे. दाणे ओले असतील तर ती आत्ताच तिथे आहे. पानावर पांढरी नागमोडी रेघ उमटली असेल, तर अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून खात पुढे गेलेली असते. पान गुंडाळून रेशमी धाग्यानं शिवलेलं दिसलं तर ते उघडू नका, आत कुणाचं तरी घर आहे. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर वाकून नीट पाहा. लाइम बटरफ्लायची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते आणि मग पानात मिसळून जाते.

अळ्यांवर मी एवढा जोर देतो, कारण बागेतले बहुतेक पक्षी त्यांच्यावर वाढतात. एरवी दाणे किंवा फळं खाणारे बरेचसे छोटे पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. त्या मऊ असतात, त्यांत प्रथिनं आणि मेद भरपूर असतात. उत्तर अमेरिकेतल्या चिकाडी या मूठभर आकाराच्या पक्ष्याला पिल्लांची एक वीण घरट्याबाहेर पडेपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या लागतात, असा अंदाज पक्षी अभ्यासकांनी केला आहे. याच पक्ष्याच्या एका जातीचा वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या घरबागांत अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या आवारांत एकूण झाडोऱ्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग स्थानिक वनस्पतींचा होता, तिथेच या पक्ष्यांची संख्या टिकून राहू शकत होती. परदेशी शोभेची झाडं वाढली तशा अळ्या कमी झाल्या आणि पिल्लंही कमी जगली. हिरवीगार, फुलांनी लगडलेली बाग पक्ष्यांसाठी रिकामी असू शकते, ती अशी.

अळ्या पानांच्या बाबतीत फार हट्टी असतात. प्लेन टायगर या फुलपाखराची मादी रुईवर किंवा तिच्या कुळातल्या वनस्पतींवर अंडी घालते. क्रिमसन रोज या फुलपाखराला ईश्वरीच्या वेलाचं कूळ लागतं, रेड पिएरोला पानफुटीसारख्या जाड पानांच्या वनस्पती, अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराला रुईच्या कुळातलं मिल्कवीड. पानांत विष किंवा चीक असतो, तो पचवण्याची क्षमता त्या त्या जातीनं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली असते, आणि म्हणूनच दुसरं पान तिला चालत नाही. सगळ्या वनस्पती सारख्या उपयोगाच्या नसतात, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत केलेल्या एका मोठ्या पडताळणीत असं दिसलं की स्थानिक वनस्पतींच्या फक्त १४ टक्के प्रजाती-गटांवर फुलपाखरं आणि पतंगांच्या ९० टक्क्यांहून अधिक जाती पोसल्या जातात. मालकांना विचारायचा पहिला प्रश्न इथूनच निघतो: "तुमच्या बागेत सगळ्यात जास्त खाल्लं जाणारं झाड कोणतं?" ज्यानं खरंच लक्ष ठेवलं आहे, तो क्षणभरही न थांबता तुम्हाला हाताला धरून त्या झाडापाशी नेईल.

फुलांबद्दल एक सावधगिरी. एखादं झुडूप फुलपाखरांनी भरून गेलेलं दिसलं म्हणून त्याचं रोप लगेच मागू नका. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड असते, पण तिच्या मूळ प्रदेशाबाहेर ती जंगलंच्या जंगलं व्यापते, तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही आणि पक्षी तिच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. मोनार्कसाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकांनी प्रेमानं लावलेलं उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड हिवाळ्यातही वाळत नाही. त्यामुळे त्याच पानांवर मोनार्कचा एक परजीवी साचत राहतो आणि नव्या पिढीला लागण होते. झाड तेच, हेतू चांगलाच, पण जागा चुकली की अपाय होतो. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची भरगच्च फुलंही तपासून पाहा. पाकळ्यांची संख्या वाढवताना त्यांतल्या बऱ्याच फुलांचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात. अशा फुलावर थोडा वेळ नजर ठेवलीत तर मधमाशी येऊन रिकामीच परत जाताना दिसेल.

आता वेळेबद्दल. "सोयीनं दुपारी या" असं मालक म्हणाले तरी शक्य असेल तर सकाळ मागून घ्या. पक्षी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत सर्वाधिक वावरतात. फुलपाखरांचं उलट असतं. पंखांचे स्नायू नीट चालायला त्यांचं शरीर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावं लागतं, म्हणून ती ऊन चढल्यावर बाहेर पडतात. सकाळच्या गारव्यात मात्र ती पंख पसरून ऊन खात बसलेली असतात, आणि जवळून पाहायची खरी संधी तीच. चतुर आणि टाचण्या भर उन्हात पाण्यावर असतात. संध्याकाळी पांढरी, सुगंधी फुलं उमलतात तेव्हा हॉक मॉथ हे पतंग येतात, आणि किडे उडायला लागले की वटवाघळं. एकाच भेटीत हे सगळं दिसणार नाही. तीन बागांना प्रत्येकी एकदा जाण्यापेक्षा एकाच बागेत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलात तर अधिक शिकाल, आणि दोन वेगळ्या ऋतूंत गेलात तर त्याहून अधिक. फुलोऱ्याच्या ऐन हंगामात कुठलीही बाग चांगलीच दिसते. कोरड्या, रखरखीत किंवा थंडीनं गोठलेल्या महिन्यात तिथे कुणाला काय खायला मिळतं, ते पाहायला जा.

पोचल्यावर लगेच फेरी मारू नका. एका जागी बसा. माणूस आत आला की बाग गप्प होते, आणि ती पुन्हा बोलती व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. गटानं जाणार असाल तर चार-पाचजणांपेक्षा जास्त नकोत. कपडे मळकट रंगाचे, अत्तर नको, फोन मूक ठेवलेला. दुर्बीण असेल तर न्या. जवळचं, म्हणजे दोन-अडीच मीटरवरचं स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण फुलपाखरांसाठीही उपयोगी पडते. कॅमेरा पहिल्या अर्ध्या तासात पिशवीतच राहू द्या. डोळा एकदा भिंगाला लागला की कान बंद होतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पाण्यापाशी मात्र जास्त वेळ द्या. सगळ्या बागेत सर्वाधिक शिकवणारी जागा तीच. पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं खोल असेल तर ते शोभेपुरतंच आहे. छोट्या पक्ष्याला अडीच ते पाच सेंटिमीटर खोली पुरते, तळ खरखरीत हवा आणि काठ उतरता. भांडं मोठं असेल तर मध्ये एखादा दगड हवा, म्हणजे मधमाशीलाही बसून पाणी पिता येतं. भांड्याजवळ लपायला झुडूप असावं, पण मांजर दबा धरून बसेल इतकं खेटून नको. पाणी कधी बदलता, हे विचारा. उष्ण हवेत डासाचं अंडं ते डास हा प्रवास आठवड्या-दहा दिवसांत पुरा होतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी भांडं घासून पाणी बदललं की डासांचा प्रश्नच उरत नाही.

छोटं तळं असेल तर त्याचा काठ पाहा. एक तरी बाजू हळूहळू उथळ होत गेलेली हवी, नाहीतर आत पडलेला प्राणी बाहेर येऊ शकत नाही. आत मासे आहेत का ते विचारा. शोभेचे मासे बेडकांची पिल्लं आणि चतुरांची पिल्लं दोन्ही खातात. "डासांसाठी मासे सोडलेत" असं अनेकजण सांगतात. मासे नसलेल्या तळ्यात डासांच्या अळ्या खायला चतुर-टाचण्यांची पिल्लं आणि पाणकिडे स्वतःहून येतात, आणि त्यांच्याबरोबर बाकीचं जगही येतं. पाण्यातून वर आलेल्या काडीवर एखादं रिकामं, पाठीवर फाटलेलं टरफल चिकटलेलं आहे का, शोधा. ते चतुराच्या पिल्लाचं शेवटचं कातडं. असं एक जरी सापडलं, तर या तळ्यात चतुराची एक पिढी पूर्ण वाढली एवढं नक्की. जातीनुसार त्याला काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत वेळ लागलेला असतो.

विकत आणून टांगलेल्या वस्तूंकडे जरा कसोशीनं पाहा. बी हॉटेल, म्हणजे एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी नळ्यांची चौकट, हल्ली पुष्कळ बागांत दिसते. ती उपयोगी पडू शकते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या घरबागांत झालेल्या प्रयोगांत अशा नळ्या चांगल्या भरल्या. त्याच प्रयोगांत बंबलबी या केसाळ मधमाशीसाठी ठेवलेली कृत्रिम घरटी मात्र जवळजवळ रिकामी राहिली, आणि फुलपाखरांच्या अळ्यांसाठी मुद्दाम लावलेल्या नेटल या झोंबऱ्या वनस्पतीच्या छोट्या ताटव्यांवरही अळ्या आल्या नाहीत. टोरांटोत तीन वर्षं सुमारे ६०० बी हॉटेलं तपासली, तेव्हा त्यांत मधमाश्यांपेक्षा स्थानिक गांधीलमाश्याच जास्त निघाल्या. त्यात वाईट काही नाही, त्या गांधीलमाश्या अळ्या आणि कोळी पकडून बागेचा तोल राखतात. पण मधमाश्यांसाठी म्हणून चौकट लावली असेल तर नळ्या मागून बंद हव्यात, साधारण १५ सेंटिमीटर खोल, व्यास दोन ते दहा मिलिमीटर, आतून गुळगुळीत, वर छप्पर, आणि दर वर्षी जुन्या नळ्या बदललेल्या. पाइनची फळं, पेंढा, विटांचे तुकडे भरलेली देखणी चौकट माणसांसाठी असते.

शिवाय हेही ध्यानात घ्या की जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीत बिळं करतात. त्यांना हवी असते उघडी, न खणलेली, ऊन लागणारी माती. म्हणून बागेत कुठे हातभर उघडी जमीन सोडली आहे का ते पाहा. तिथे पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं आणि भोवती बारीक मातीचा ढीग दिसला तर तिथेच थांबा. मुंग्यांचं समजून लोक त्यावर पाणी ओततात. थोडा वेळ थांबलात तर पायांना पराग माखलेली माशी आत शिरताना दिसते.

पक्ष्यांच्या घरट्याच्या पेट्या पाहताना भोकाचा आकार पाहा. चिमणीसाठी ३२ मिलिमीटर पुरतं, त्याहून मोठं भोक म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. भोकाखाली बसायला दांडी नको, तिचा उपयोग फक्त घुसखोराला होतो. दाण्याच्या भांड्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्वच्छ ठेवणार नसाल तर टांगूच नका. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस हा रोग फिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांत पसरला आणि ग्रीनफिंच या एके काळी सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या झपाट्यानं घसरली. आजारी पक्ष्याची लाळ दाण्यात आणि पाण्यात मिसळते आणि जिथे खूप पक्षी एकाच भांड्यावर येतात तिथे रोगाला वाट मिळते. मालकांनी भांडी धुण्याचा दिवस ठरवलेला आहे का, ते विचारा.

बागेची मागची बाजू दाखवायला सांगा. पुष्कळ मालक संकोचानं ती टाळतात, कारण तिथे पालापाचोळ्याचा ढीग असतो, कुजका ओंडका असतो, वाळलेले दांडे असतात, कापायचं राहिलेलं गवत असतं. खरी बाग तिथेच असते. कुजक्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, पाचोळ्याखाली गोमा, कोळी, बेडूक आणि सुप्तावस्थेतले कोष असतात, पोकळ दांड्यांत मधमाश्यांची पुढची पिढी असते. ओंडका उलटून पाहायचा असेल तर मालकांची परवानगी घ्या, आपल्याकडची बाजू जमिनीवर टेकलेली राहील असा उचला, आणि होता तसा हळूच ठेवा. जिथे विषारी साप असतात तिथे हात घालूच नका, काठीनं करा किंवा राहू द्या. गवताबद्दल एक निष्कर्ष मला फार उपयोगाचा वाटतो. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात घरांपुढच्या हिरवळी काही जागी दर आठवड्याला, काही जागी दोन आठवड्यांनी आणि काही जागी तीन आठवड्यांनी कापल्या. दोन आठवड्यांनी कापलेल्या हिरवळींवर मधमाश्यांची संख्या सर्वाधिक भरली. एका पैशाचा खर्च नाही, उलट कष्ट निम्मे.

"पण आमची जागा लहान आहे" हे वाक्य प्रत्येक भेटीत कुणीतरी बोलतंच. त्यांना मी जेनिफर ओवेन यांच्या बागेबद्दल सांगतो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात त्यांचं साधं उपनगरी घर होतं, घर धरून ७४१ चौरस मीटर जागा. फुलझाडं, भाजीपाला, थोडी हिरवळ. रानटी काही नाही, पण फवारणी नाही. त्या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होत्या. १९७२ ते २००१ अशी ३० वर्षं त्यांनी तिथल्या जीवांची नोंद ठेवली. एकूण २,६७३ जाती भरल्या, त्यांपैकी १,९९७ कीटक. त्यांत काही परजीवी गांधीलमाश्या तर विज्ञानाला नवीन होत्या. शेफील्डच्या ६१ बागांच्या पाहणीतही बागेचा आकार निर्णायक ठरला नाही. झाडोऱ्याचे किती थर आहेत, झाडं किती आहेत, भोवतीचा परिसर कसा आहे, याला जास्त महत्त्व होतं. म्हणून बाग उभी पाहा: जमिनीलगत काय आहे, गुडघ्याएवढं काय, डोक्याएवढं काय, आणि त्याच्या वर काय. गच्चीतल्या कुंड्यांतही हे थर करता येतात.

धोकेही बघून ठेवा, कारण पाहुण्यांना बोलवायचं आणि दारात सापळा ठेवायचा, असं नकळत होतं. मोठ्या काचा हा त्यांतला पहिला. अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आपटून दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ चा अंदाज आहे. दाण्याचं भांडं काचेपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे असलं तर धोका कमी, कारण अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग आलेला नसतो. काचेवर बहिरी ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून काही होत नाही. बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा लागतात. दुसरा धोका मोकळं मांजर. त्याच देशात मांजरांमुळे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी जातात, असा अंदाज आहे. तिसरा, रात्रभर जळणारा पांढरा दिवा. पतंग त्याच्याभोवती थकेपर्यंत फिरतात आणि फुलांकडे जायचं राहून जातं.

मालकांशी बोलताना "काय काय लावलंय" ही यादी मागू नका, ती ते तशीही देतील. काय करणं सोडलं, ते विचारा. कोणतं झाड काढून टाकलं आणि का? झाडावर मावा पडला तर काय करता? जो म्हणेल "थोडे दिवस थांबतो, लेडीबर्ड येतात", त्यानं हे चक्र पाहिलेलं आहे. आधी मावा वाढतो, मग तो खाणारे वाढतात. मधे फवारलं तर खाणारे उपाशी मरतात आणि मावा त्यांच्याआधी परत येतो. "आम्ही फक्त जैविक फवारतो" असं उत्तर आलं तर कोणतं, ते विचारून घ्या. अळ्या मारणारं बीटी हे जिवाणूपासून केलेलं औषध जैविकच आहे, पण ते कोबीवरची अळी आणि लाइम बटरफ्लायची अळी यांत फरक करत नाही. रोपं कुठून आणली हेही विचारा. ब्रिटनमध्ये मधमाश्यांसाठी चांगली म्हणून विकली जाणारी रोपं तपासल्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक रोपांत निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं सापडली. बियांपासून केलेली किंवा शेजाऱ्याकडून आलेली रोपं म्हणूनच मला जास्त विश्वासाची वाटतात. आणि शेजाऱ्यांचा विषय निघाला की तोही पुरा बोलून घ्या. उंदीर, साप, डास, पसारा यांवरून कुरबुर होतेच, आणि ती कशी मिटवली हे ज्याला विचाराल त्याच्याकडे काही ना काही उपयोगाचं असतं. पुढच्या बाजूची कड नीट कापलेली ठेवली की मागचं वाढलेलं गवत लोक निमूटपणे मान्य करतात, हा माझा सगळीकडचा अनुभव आहे.

तुम्ही कुणाच्या तरी घरात जात आहात, हे विसरू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२७ पासून लोक समाजकार्यासाठी ठरावीक दिवशी आपल्या खासगी बागा पाहुण्यांना खुल्या करतात. ही प्रथा इतकी टिकली याचं कारण पाहुण्यांनी पाळलेला संयम. फोटोंत घराचा दर्शनी भाग, फाटक, मुलं येऊ देऊ नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकणार असाल तर जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा, विशेषतः घरटं किंवा दुर्मीळ जात असेल तेव्हा. घरट्याच्या पाच-सात मीटरच्या आत जाऊ नका. पक्षी तोंडात अळी धरून नुसता बसून राहिला, तर तो तुमच्या जाण्याची वाट पाहतो आहे, मागे सरा. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो सगळं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. एका बागेतून दुसऱ्या बागेत त्याच दिवशी जाणार असाल तर बुटांचे तळवे घासून घ्या. तळ्यातलं पाणी, पाणवनस्पती, बेडकांची पिल्लं कुणी प्रेमानं दिली तरी नेऊ नका. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आणि जलपर्णीसारखी उपद्रवी वनस्पती अशाच एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात.

मुलांना जरूर न्या, पण "सगळं बघ" असं सांगून सोडू नका. एकाला फक्त कुरतडलेली पानं शोधायला सांगा, दुसरीला फक्त भोकं. मुलांची उंची यासाठी सोयीची असते, पानाची खालची बाजू त्यांना न वाकता दिसते आणि अंडी तिथेच असतात. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम कडकपणे पाळायला लावा. अनेक जातींच्या केसांनी त्वचेची आग होते.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्या घरी काय आणायचं. पाहिलेल्या बागेची नक्कल करू नका, तिथली माती, ऊन, भोवतीची झाडं तुमच्याकडे नाहीत. त्याऐवजी परत आल्यावर आपल्या आवारात किंवा गच्चीत पाहिलेल्याच गोष्टी शोधा: कोणतं पान आधीच खाल्लं जातं आहे, कुठे ऊन किती तास येतं, कोणता पक्षी फक्त वरून उडून जातो पण उतरत नाही. मग सुरुवात पाण्याच्या उथळ भांड्यानं करा, त्याचा परिणाम काही दिवसांत दिसतो. त्याच बरोबर फवारणी थांबवा. पुढच्या लागवडीच्या हंगामात तुमच्या भागात रानोमाळ आपसूक उगवणाऱ्या झाडा-वेलींतल्या, अळ्या ज्यांची पानं खातात अशा दोन वनस्पती लावा, आणि त्या एकेक नकोत, तीन-चार रोपं जवळजवळ लावा. एका छोट्या रोपावर मादीनं पुष्कळ अंडी घातली तर अळ्या पूर्ण वाढायच्या आत पानं संपतात. फुलं, पेट्या, तळं हे सगळं त्यानंतर. पहिल्या वर्षी फार काही आलं नाही तर झाडं बदलू नका. पानांवरची भोकं मोजत राहा, आणि ज्या मालकांची बाग पाहिलीत त्यांना वर्षानं तुमच्याकडे बोलवा. तुम्हाला न दिसलेल्या दोन-चार गोष्टी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत दिसतील.